वेळेआधी शिवलेली गोधडी

मित्रांनो, मी जुनी आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी नाक मुरडायला नको. मी गोधडी आहे. पण गोधडी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे मऊ, मळकं, वेडंवाकडं गाठोडं आलं असेल, ते मी नव्हे. माझे कोपरे अजून काटकोनात आहेत. राखाडी जमिनीवर निळे, पिवळे, हिरवे त्रिकोण अशा बेताने बसवले आहेत, की डावीकडून पाहिलं तर ते उडणाऱ्या पक्ष्यांसारखे दिसतात आणि उजवीकडून पाहिलं तर दातांसारखे. बहुतेक लोक मला डावीकडून पाहतात.

तुमचं एक बरं असतं. तुमचा जन्म कोणाच्या मरणावर अवलंबून नसतो. माझा होता. आणि ज्या बाईंच्या मरणावर तो अवलंबून होता, त्या मेल्या नाहीत. एवढीच माझी गोष्ट आहे. बाकी सगळी शिवण.

मला शिवलं ते त्या बाईंच्या सुनेने. तिला आपण सूनबाईच म्हणू. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये गोधड्या शिवणाऱ्या बायकांचं एक मंडळ होतं, त्यात ती जायची. तिथे एकमेकींच्या गोधड्यांचं तोंडभर कौतुक व्हायचं आणि जिना उतरता उतरता ते परत घेतलं जायचं. सूनबाईचा हात मात्र खरोखर चांगला होता. जे आहे ते कबूल केलं पाहिजे. तिची शिवण कधी वाकडी गेली नाही, तिच्या त्रिकोणाचं टोक कधी शिवणीत खाल्लं गेलं नाही. तरी दरवर्षीच्या प्रदर्शनात तिला मिळायचं ते उत्तेजनार्थ. इतक्या वेळा मिळालं, की त्यात उत्तेजन म्हणून काही उरलं नव्हतं.

एकदा परीक्षकबाई तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "काम अगदी नेटकं आहे हो तुमचं. पण गोधडीत माणूस दिसत नाही."

हे वाक्य सूनबाईने घरी नेलं, पुष्कळ दिवस उशाशी ठेवलं, आणि मग ती माणूस शोधू लागली. प्रदर्शनात 'आठवणींच्या गोधड्या' असा एक विभाग होता. त्याचा नियम एकच: गेलेल्या माणसाच्या वापरातल्या कपड्यांतून गोधडी शिवायची. तिथे रडू ठरलेलं आणि बक्षीसही ठरलेलं. अडचण एवढीच होती, की सूनबाईच्या जवळपासचं कोणी जात नव्हतं.

आता थोरल्या बाईंबद्दल. सूनबाईच्या या सासूबाई. शहरातल्या मोठ्या हॉटेलात स्वागताच्या टेबलाशी बसून त्यांनी आयुष्यभर लोकांना हसून खोल्या नाकारल्या होत्या. कपड्यांचा भारी शौक. निळा लोकरी कोट, पिवळा ड्रेस, हिरवा रेशमी रुमाल, राखाडी पँट्स, आणि सगळ्याला इस्त्री अशी की माशी घसरावी. जीभही तशीच इस्त्री केलेली. सुनेची पहिली गोधडी पाहून त्या म्हणाल्या होत्या, "छान. पडदे चांगले शिवतेस तू." त्या एकट्या, नदीपलीकडच्या आपल्या दोन खोल्यांत राहायच्या आणि मुलाकडे जेवायला आल्या तर कोट न काढता बसायच्या.

एका थंडीत त्यांच्या छातीत कफ धरला. मुलाने त्यांना उचलून आपल्या चौथ्या मजल्यावरच्या घरी आणलं. काय लागेल, काय नाही, म्हणून सूनबाईने त्यांचे सगळे कपडे दोन बॅगांत भरून आणले. तोवर तिच्या मनात काही नव्हतं, असं मी धरून चालते.

डॉक्टर बाहेरच्या बोळात हळू आवाजात म्हणाले, "आता दिवस मोजायचे. मनाची तयारी ठेवा." मुलगा बुटांच्या कपाटावर बसून रडला. खरं रडला. तेव्हा मी मी नव्हते, पण माझा निळा भाग तिथेच दाराजवळच्या खुंटीवर टांगलेला होता.

सूनबाईनेही डोळे पुसले. मग तिची नजर खुंटीवर गेली.

"अहो, तो कोट द्या जरा इकडे."

"कशाला?"

"माप घ्यायचंय."

"कोटाचं?"

"त्रिकोणांचं."

चिरंजीवांना समजायला थोडा वेळ लागला. "अगं, पण ती अजून..."

"मी कुठे नाही म्हणतेय? पण नाव द्यायची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. त्या गेल्यावर घरात माणसांची रीघ लागणार, तेव्हा मला मशीनवर बसता येणार आहे का? आणि मी हे कोणासाठी करतेय? तुमच्या आईचंच नाव राहील."

"तिने कोट मागितला तर?"

"मागू देत की. मागितला तर मला आनंदच आहे."

त्याने खुंटीवरून कोट काढून दिला. लहानपणी आईपुढे गप्प, लग्नानंतर बायकोपुढे गप्प. एकाच गप्पपणावर त्याने दोन बायकांची घरं चालवली होती. जाड कापडाची शिवण उसवताना दुसऱ्याने ते ताणून धरावं लागतं, नाहीतर पातं कापडात घुसतं. म्हणून त्याने बाही धरली. मित्रांनो, कापणाऱ्याचं नाव सगळ्यांच्या लक्षात राहतं. धरणाऱ्याचं माझ्या लक्षात आहे.

सूनबाईने कपडे उसवले, कोमट पाण्यात धुतले, इस्त्री केली, चटईवर पसरून फिरत्या पात्याने पट्ट्या कापल्या आणि पट्ट्यांचे त्रिकोण केले. लोकर आणि रेशीम एका शिवणीत सुखाने नांदत नाहीत. रेशीम सटकतं, लोकर दादागिरी करते. तिने रेशमाला मागून पातळ कापड चिकटवून त्याचा कणा ताठ केला. त्रिकोणाची तिरकी बाजू उरेब असते. ओढली की लांबते, आणि लांबली की पुन्हा आखडत नाही. म्हणून त्या बाजूला ती बोट लावायची नाही, नुसती अलगद मशीनच्या दाताखाली सोडायची. इतक्या हळुवारपणे त्या घरात तिने दुसऱ्या कशालाही हात लावलेला मी पाहिला नाही.

पलीकडच्या खोलीत थोरल्या बाई खोकत होत्या. भिंत पातळ होती. खोकला चालू असेपर्यंत मशीन चालायची. खोकला थांबला की मशीनही थांबायची आणि सूनबाई कान देऊन बसायची. पुन्हा खोकला सुरू झाला की सुस्कारा टाकून पुढची शिवण घ्यायची. तो सुस्कारा सुटकेचा होता की निराशेचा, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. मी तो दोन्ही खात्यांवर अर्धा अर्धा मांडून ठेवला आहे.

एकदा खोकल्याच्या मधून आवाज आला, "काय शिवतेस गं एवढं?"

"तुमच्यासाठीच आहे, आई."

"मग आटप लवकर. थंडी वाजतेय मला."

मी आटपत आले. सूनबाईने माझे तुकडे जोडले, मध्ये कापसाचा थर घातला, खाली अस्तर लावलं आणि सरळ रेषांचे टाके घालून तिन्ही थर एक केले. मला फक्त काठ लावायचा राहिला होता. त्या सकाळी थोरल्या बाईंनी चहा मागितला. नुसता मागितला नाही. एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "पाण्याला चहा नुसता लांबून दाखवला होता का?"

सूनबाईच्या हातातली इस्त्री होती तिथेच राहिली. माझ्या खालच्या कोपऱ्यातल्या पिवळ्या त्रिकोणावर जो तपकिरी डाग आहे, तो त्या चहाचाच म्हणायचा.

डॉक्टर आले, नाडी पाहिली, छाती ठोकून पाहिली. "कमाल आहे. अशा काटक प्रकृतीची माणसं आता होत नाहीत."

"खरंच होत नाहीत," सूनबाई म्हणाली.

"मी घरी कधी जाऊ?" थोरल्या बाईंनी विचारलं. घरी म्हणजे त्यांच्या घरी. खिडकीजवळची खुर्ची, कुंड्या, आणि स्वतःच्या हाताने उघडायचं स्वतःचं कुलूप. त्यांना जगात तेवढंच हवं होतं.

"जिने उतरून पुन्हा चढता आले की लगेच," डॉक्टर म्हणाले.

थोरल्या बाई त्याच दिवसापासून पलंगाला धरून चालू लागल्या. पलंग, मग खुर्ची, मग भिंत, मग दार. दाराशी पोहोचल्यावर त्यांनी खुंटीकडे पाहिलं.

"माझा कोट कुठे आहे?"

"ड्रायक्लीनिंगला दिलाय, आई."

"आणि पिवळा ड्रेस?"

"तोही."

"पँट्स?"

"म्हटलं एकदमच सगळं होऊन जाऊ दे. तुम्ही बऱ्या होणारच होतात ना!"

"मग आण की."

"दुकान बंद आहे. त्या दुकानदाराची आई आजारी आहे."

"अरे अरे," थोरल्या बाई म्हणाल्या. "तिलाही कपडे मिळत नाहीत का?"

पण गाऊनवर चार मजले उतरून रस्त्यावर जाणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. हे सूनबाईला पक्कं ठाऊक होतं. कोंडून ठेवायला कुलूपच लागतं असं नाही. इस्त्री केलेल्या बाईला गाऊन पुरतो.

त्या संध्याकाळी चिरंजीव कधी नव्हे ते बोलले. "आता प्रदर्शनातून नाव काढून घेऊया आपण."

"काय सांगून? सासूबाई बऱ्या झाल्या, माफ करा, असं? कार्ड छापून झालंय. आणि मंडळातल्या कोणी त्यांना पाहिलेलं नाही. दोन दिवसांचा प्रश्न आहे. मग घेऊन देते मी त्यांना नवे कपडे. ते जुने तसेही घट्ट झाले होते."

"तिला कळलं तर?"

"तुम्ही सांगणार आहात का?"

तो सांगणार नव्हता. मित्रांनो, मोठं वाईट काम करायला माणसं फार वाईट असावी लागत नाहीत. कार्ड छापून झालेलं असलं की पुरतं.

मला हॉलच्या समोरच्या भिंतीवर, लाकडी दांडीवर टांगलं. वरून दिवा सोडला. खाली कार्ड: 'सासूबाईंच्या स्मरणार्थ, त्यांच्याच कपड्यांतून.' काय सांगू त्या दिवसाचं कौतुक! बायका येत, आधी कार्ड वाचत, मग मला पाहत आणि मग पर्समध्ये रुमाल शोधत. परीक्षकबाईंनी चष्मा काढून पुसला. "आता दिसतो बघा माणूस," त्या म्हणाल्या, आणि पहिल्या क्रमांकाची फीत माझ्या कोपऱ्याला लावली. मी सुंदर होते, हे खोटं नव्हतं. फक्त ते सौंदर्य खरं ठरायला एका बाईने मेलेलं असणं जरुरीचं होतं, आणि ती बाई त्या वेळी चौथ्या मजल्यावर चहा पीत होती.

पुढचं मी पाहिलं नाही. पण पांघरुणापासून काही लपत नाही, ते मला नंतर कळलं. त्यांच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक बाई नव्याने राहायला आली होती. ती सकाळी प्रदर्शन पाहून आली, तिचं मन भरून आलं, आणि शेजारधर्म म्हणून ती वर जाऊन दार वाजवती झाली. दार थोरल्या बाईंनी उघडलं.

"मी खालच्या मजल्यावरची. घरात असं झालंय, मला कळलंच नाही हो. फार वाईट झालं."

"काय झालं?"

"इथल्या सासूबाई गेल्या ना!"

"कधी?"

"अगं बाई! तुम्हाला सांगितलं नाही कोणी? तुम्ही पाहुण्या का?"

"तसंच दिसतंय," थोरल्या बाई म्हणाल्या. "या घरात मला कोणी काही सांगत नाही."

"हॉलमध्ये त्यांच्या कपड्यांची गोधडी लावलीय. निळ्या कोटाचे काय सुरेख त्रिकोण केलेत! मला तर रडूच आलं."

थोरल्या बाईंनी दाराची चौकट धरली. पण हॉटेलात आयुष्य गेलेलं. चेहरा हलू न देण्याची सवय होती.

"तुमच्याकडे जादा कोट आहे का एखादा?" त्यांनी विचारलं. "माझे कपडे ड्रायक्लीनिंगला गेलेत. मलाही जरा रडून येऊ दे."

प्रत्येक मजल्यावर पायरीवर बसत, त्या परक्या कोटात, त्या बाईच्या हाताला धरून त्या चार मजले उतरल्या आणि हॉलकडे निघाल्या.

हॉलमध्ये त्या वेळी सूनबाईच्या हातात माइक होता. "शेवटच्या दिवशी त्यांनी माझा हात हातात घेतला," ती सांगत होती, "आणि म्हणाल्या, माझे कपडे तूच ठेव. तुझ्याशिवाय मला कोण आहे?" पहिल्या रांगेत हुंदका. दुसऱ्या रांगेत दोन. चिरंजीव मान खाली घालून उभा होता, त्यामुळे तोही शोभत होता.

शेवटच्या रांगेत थोरल्या बाई येऊन बसल्या. मला पाहिलं. आधी डावीकडून, मग मान कलती करून उजवीकडून. त्यांची नजर कोटाच्या निळ्यावर थांबली, तिथून ड्रेसच्या पिवळ्यावर गेली, आणि मग खाली कार्डावर. आपलं मरण इतक्या सुबक अक्षरांत वाचायला मिळणं सगळ्यांच्या नशिबी नसतं.

खालच्या मजल्यावरच्या बाईला गप्प राहवलं नाही. "यांच्या घरच्या एक बाई इथे आल्यात!" ती ओरडून म्हणाली. "आजारी आहेत, तरी आल्यात!" सगळ्या माना मागे वळल्या. दोघीतिघींनी थोरल्या बाईंना हाताला धरून पुढे आणलं.

सूनबाईचा चेहरा कापडासारखा पांढरा पडला. पण पटाईत हात. तुटला धागा ती कोणाला दिसायच्या आत ओवायची.

"मावशी!" ती पुढे धावली. "अहो, तुम्ही कशाला आलात एवढं? या सासूबाईंच्या धाकट्या बहीण. त्या गेल्यापासून यांची तब्येत... कधी कधी स्वतःलाच ताई समजतात हो बिचाऱ्या."

"सख्ख्या?" परीक्षकबाईंनी चिरंजीवाकडे वळून विचारलं.

थोरल्या बाईंना एका शब्दात सगळं उसवता आलं असतं. पण त्यांना तो शब्द स्वतःच्या तोंडून नको होता. त्या मुलाकडे पाहत राहिल्या.

"सांग ना," त्या म्हणाल्या. "विचारतायत त्या. मी कोण तुझी?"

त्याने बायकोकडे पाहिलं. फितीकडे पाहिलं. रुमाल हातात धरून बसलेल्या चार रांगांकडे पाहिलं. आईकडे पाहायचं राहून गेलं.

"मावशी," तो म्हणाला. "आईची बहीण."

मित्रांनो, मी लोकर आहे, रेशीम आहे, मला पात्याने कापलं, सुईने टोचलं, इस्त्रीने भाजलं. त्या दिवसापर्यंत मला वाटत होतं, यापेक्षा जास्त काही करता येत नाही.

थोरल्या बाईंनी हळूच मान हलवली, एखाद्या गिऱ्हाईकाने खोली नको म्हटल्यावर हलवावी तशी. मग सुनेच्या हातातला माइक काढून घेतला.

"हो, मी मावशी," त्या म्हणाल्या. "ताई माझी मोठी तोंडाळ होती. सुनेच्या हाताला तिने कधी चांगलं म्हटलं नाही. आज असती तर म्हणाली असती. ही शिवण बघा, टोकाला टोक कसं मिळालंय. मुलावर मात्र तिचा फार जीव. हा शाळेत नाटकात झाड झाला होता. नुसतं उभं राहायचं होतं. तरी ताई हॉटेलातून रजा काढून बघायला गेली. घरी येऊन मला म्हणाली, सगळ्यांत चांगला माझाच उभा राहिला. उभा राहतो तो अजूनही चांगलाच."

लोक हसले, मग रडले, मग टाळ्या वाजवल्या. चिरंजीव उभा होता.

"आता एकच मागते," थोरल्या बाई म्हणाल्या. "ताईची तेवढीच खूण उरलीय. ही गोधडी मी घेऊन जाते."

"न्यायलाच हवी!" परीक्षकबाई गहिवरून म्हणाल्या. "तुमचाच पहिला हक्क."

"पण मावशी, अजून उद्याचा दिवस..." सूनबाई म्हणाली.

"मला थंडी वाजतेय गं. ताईसारखीच मी."

चार रांगांपुढे सूनबाईला नाही म्हणता आलं नाही. तिने स्वतःच्या हाताने मला दांडीवरून काढलं, आणि थोरल्या बाईंनी परका कोट परत करून मला अंगाभोवती गुंडाळलं. माझी फीत तशीच लोंबत होती. "चल रे, ताईच्या मुला," त्या म्हणाल्या. "मला माझ्या घरी सोड."

गाडीने नदी ओलांडली. मग तो म्हणाला, "आई, मी..."

"तुझी आई गेली, बाळा. इतकी माणसं रडली. मी स्वतः पाहिलं."

आपल्या दाराचं कुलूप त्यांनी स्वतःच्या हाताने उघडलं. त्यांना हवं होतं ते मिळालं. आणि मी कामाला लागले. भिंतीवरचं मिरवणं संपलं, अंगावरचं आयुष्य सुरू झालं. खिडकीजवळच्या खुर्चीत मी त्यांच्या गुडघ्यांवर असायची, थंडीत खांद्यांवर. पिवळे त्रिकोण उन्हाने फिकटले, रेशीम बारीक चिरलं. त्यांनी नवे कपडे घेतले, नवा कोटही घेतला. निळा मात्र घेतला नाही.

सूनबाई त्या घरी कधी आली नाही. तिची फीत मात्र फळं घेऊन येणाऱ्याच्या हाती धुऊन, इस्त्री करून परत गेली. फळं घेऊन येणारा म्हणजे तो. दर रविवारी यायचा. थोरल्या बाई सकाळपासून दाराची कडी काढून ठेवायच्या, दोन कप पुसून मांडायच्या, जिन्यात पाऊल वाजलं की केसांवरून हात फिरवायच्या. आणि तो दारात आला की विचारायच्या, "ताईचा मुलगा ना तू? ये, बस." चहा चांगला द्यायच्या, कडक. नोकरीचं विचारायच्या. त्याच्या वाढदिवसाला म्हणायच्या, "ताई असती तर आज तुला काहीतरी दिलं असतं. मी कोण देणारी?"

तो एकदा 'चुकलो' म्हणाला असता तर काय झालं असतं, हे मला सांगता येत नाही. कारण चुकलो म्हणायला आधी आई म्हणावं लागतं, आणि तो शब्द त्या दारातच काढून घ्यायच्या, पाहुण्याची ओली छत्री काढून घ्यावी तशी. तो गेल्यावर त्या मला तोंडापर्यंत ओढून बसायच्या. कोण कोणाला जास्त छळत होतं, ही बेरीज मी पुष्कळदा करून पाहिली. दर वेळी उत्तर वेगळं आलं.

अशी बरीच वर्षं गेली. मग पुन्हा तो कफ आला, आणि या वेळी डॉक्टर खरे ठरले. तो पलंगाशी बसून होता. माझा एक कोपरा त्याच्या मुठीत होता.

"आई," तो म्हणाला.

थोरल्या बाईंनी डोळे उघडले. त्याच्याकडे खूप वेळ पाहिलं. मला वाटलं, झालं, आता फिटलं सगळं.

"मावशी म्हण," त्या पुटपुटल्या. "सवय मोडू नकोस. उद्या लोकांना सांगताना गोंधळ होईल तुझा."

त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. ती शिक्षा होती की आईने पोराची घेतलेली शेवटची काळजी, हे त्यालाच समजलं नाही, तर मला कसं समजणार?

गोंधळ मात्र झाला नाही. कामाच्या ठिकाणी साहेबांनी विचारलं, "तुमच्या आई तर मागेच गेल्या ना? मग आता कोण?" तो म्हणाला, "मावशी." साहेब म्हणाले, "अच्छा, मावशी. मग दुपारनंतर जा." आई गेल्यावर मिळते ती रजा त्याला मिळाली नाही, आणि आई गेल्यावर माणसं खांद्यावर ठेवतात तो हातही मिळाला नाही. मंडळातल्या दोघी भेटायला आल्या. "चला, बहिणी बहिणी भेटल्या असतील," असं म्हणून लवकर उठल्या. सूनबाई मावशीच्या मानाने जेवढं रडायचं तेवढंच रडली. ना टाका जास्त, ना टाका कमी.

त्या दोन खोल्या आवरताना तिने मला घरी आणलं. उन्हाने विटलेले त्रिकोण बदलले नाहीत. म्हणाली, आता जास्त खरी दिसते. बैठकीच्या भिंतीवर मला पुन्हा दांडीवर टांगलं आणि ते कार्ड काढून काचेत घालून खाली लावलं. त्यात एक अक्षरही बदलावं लागलं नाही. पाहुणे येतात, वाचतात, वाहवा करतात. आता मी कोणाला ऊब देत नाही.

मित्रांनो, आमची निगा राखणं सोपं असतं. गोधडी सावलीत वाळवावी. घडी घालताना दर वेळी वेगळ्या रेघेवर घालावी, म्हणजे कापड एकाच जागी मरत नाही. कसर लागू नये म्हणून अधूनमधून झटकावी. एवढं केलं तर आम्ही माणसांपेक्षा जास्त टिकतो. आणि तीच तर अडचण आहे.

रविवारी सकाळी तो अजूनही घाईने चहा पितो, पायांत बूट घालतो आणि मग कुठे जायचं नाही हे आठवून माझ्यापुढे येऊन उभा राहतो. सूनबाई स्वयंपाकघरात आहे याची खात्री करून घेतो. मग माझ्या निळ्या त्रिकोणावर तळहात ठेवून हळूच म्हणतो, "आई."

मुलांनो, जी हाक मारायची असेल, ती ओ देणारं माणूस समोर आहे तोवर मारा, चार रांगा ऐकत असतील तर मोठ्याने मारा. कापडाला ओ देता येत नाही. आणि देता आली असती, तरी मी दिली नसती. मी त्यांच्याच कपड्यांची आहे.